उद्योगांचे सामाजिक उत्तरदायित्व : आशियाचा अनुभव आणि आपण

एखाद्या शाळेला संगणक मिळतात, एखाद्या वाडीवर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसते, आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका मिळते आणि चौकशी केली की उत्तर येते, "सीएसआरमधून झाले." गेल्या दहा-बारा वर्षांत हा शब्द मुख्याध्यापकांपासून सरपंचांपर्यंत सर्वांच्या तोंडी रुळला आहे. बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ 'कंपनीकडून मिळणारी देणगी' एवढाच असतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कंपनीकडे काय मागायचे, कोणत्या आधाराने मागायचे आणि कशाच्या मोबदल्यात गप्प बसायचे नाही, याविषयी आपल्याकडे जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ या अपुऱ्या अर्थात आहे. प्रस्तुत लेखात ही संकल्पना, तिच्यासाठी आशियातील विकसनशील देशांनी स्वीकारलेले मार्ग आणि आपल्या भागांतील शाळा, ग्रंथालये व भाषिक संस्था यांच्याशी असलेला तिचा संबंध यांचा विचार केला आहे.

शब्द आणि त्यांचे अर्थ

मराठीत या संकल्पनेसाठी 'सामाजिक दायित्व', 'सामाजिक बांधिलकी', 'सामाजिक जबाबदारी' आणि 'सामाजिक उत्तरदायित्व' असे चार शब्द प्रचलित आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा सारख्या नाहीत. 'दायित्व' म्हणजे देणे लागणे. ताळेबंदात मालमत्तेसमोर जी दायित्वे मांडतात, त्यात हाच अर्थ आहे. 'बांधिलकी' स्वतःहून पत्करलेली असते. लेखकाची सामाजिक बांधिलकी या विषयावर आपल्या साहित्यात पुष्कळ चर्चा झाली आहे. 'जबाबदारी' हा शब्द फारसीतून आला. त्यातला 'जबाब' म्हणजे उत्तर. पोलिसांपुढे दिला जातो तो जबाब आणि हा जबाब एकच. 'उत्तरदायित्व' या संस्कृत घडणीच्या शब्दातही उत्तर देणेच आहे.

विशेष म्हणजे इंडोनेशियाच्या भाषेत जबाबदारीला जो शब्द आहे, 'तांगुंग जावाब', त्यातला दुसरा भाग अरबी 'जवाब' हाच आहे. उत्तर पेलणे, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणजे दोन दूरच्या भाषांनी एकच खूण जपली आहे : जबाबदार तो, ज्याला प्रश्न विचारता येतो आणि ज्याने उत्तर दिले पाहिजे. दान किंवा देणगी यांत हा संबंध नसतो. देणगीदाराचे आभार मानले जातात, फलकावर नाव कोरले जाते; त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाविषयी जगभर जे वाद झाले, ते बहुतांशी या एका फरकाभोवती फिरतात. म्हणून या लेखात 'उत्तरदायित्व' हाच शब्द वापरला आहे.

विचाराचा प्रवास

आधुनिक काळात या विषयाची पद्धतशीर मांडणी अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात केली, असे सामान्यतः मानले जाते. मोठ्या उद्योगांच्या निर्णयांचा परिणाम समाजातील असंख्य लोकांच्या जीवनावर होतो, म्हणून ते निर्णय घेताना समाजाची मूल्येही लक्षात घेतली पाहिजेत, असा त्यांचा विचार होता. १९७० मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी याला कडाडून विरोध केला. व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर आहे. त्याने नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवावा. दुसऱ्याच्या पैशाने परोपकार करणे त्याचे काम नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही, कारण समाजासाठी काय हिताचे आहे हे कंपनीच्या संचालकांनी का ठरवावे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

पुढे आर्ची कॅरोल यांनी उद्योगाच्या जबाबदारीचे चार थर सांगितले. तळाशी आर्थिक जबाबदारी : धंदा टिकला पाहिजे, माल चांगला असला पाहिजे. त्यावर कायद्याचे पालन. त्यावर नैतिक वर्तन, म्हणजे कायद्यात लिहिलेले नसले तरी अन्याय न करणे. सर्वांत वर परोपकार. विकसनशील देशांचा अभ्यास करणाऱ्या वेन व्हिसर यांचे निरीक्षण असे की, या देशांत थरांचा क्रम बदलतो. आर्थिक जबाबदारीनंतर एकदम परोपकार येतो आणि कायदा व नीती मागे पडतात. शाळा, दवाखाने, पाणी यांची उणीव जिथे ठळक दिसते, तिथे लोकांची पहिली अपेक्षा मदतीची असते. शासनाची देखरेख सैल असल्याने कायदा पाळला नाही तरी निभावून जाते. आशियातील अनेक देशांना हे वर्णन लागू पडते.

कायद्याआधीची आपली उदाहरणे

भारतात कायदा येण्यापूर्वीही काही उद्योगांनी समाजाचा विचार केला होता. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना सर्वांना परिचित आहे. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. देशात तसा कायदा होण्यास बराच काळ लागला.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण किर्लोस्करांचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान काढले आणि तिथेच लोखंडी नांगर तयार केला. पुढे नगरपालिकेच्या योजनेमुळे जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याबरोबर कामगारांची घरे आणि वसाहतीचे जीवनही तिथे आकाराला आले. १९२० मध्ये या कारखान्याचे वृत्त देण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली त्याचे रूपांतर मराठीतील एका प्रमुख मासिकात झाले, आणि १९३० मध्ये 'स्त्री', तर १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. मराठी कथा, वैचारिक लेखन आणि स्त्रियांच्या प्रश्नांची चर्चा यांना या मासिकांनी जे व्यासपीठ दिले, ते कोणत्याही अनुदानाने मोजता येणार नाही.

ही दोन्ही उदाहरणे आजच्या कायद्याच्या मोजपट्टीवर उतरत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कामगारांचे कामाचे तास कमी करणे किंवा त्यांना घरे देणे याला आज 'सीएसआर खर्च' म्हणता येत नाही, कारण केवळ कर्मचाऱ्यांच्या लाभाचे काम कायद्याने वगळले आहे. कारखान्याच्या मालाला प्रसिद्धी देणारे गृहपत्रही त्यात बसणार नाही. म्हणजे कायद्यातील व्याख्या आणि जबाबदारीचा खरा आवाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढील विवेचन वाचताना हा भेद मनात असावा.

भारताचा मार्ग : दोन टक्के

कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००९ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. नफ्याचा ठरावीक हिस्सा समाजासाठी खर्च करण्यास कायद्याने सांगणारे देश त्या वेळी फारच थोडे होते. जुन्या मराठी वस्तीच्या मॉरिशसने २००९ मध्ये दोन टक्क्यांचा नियम केला होता. एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत मात्र हा प्रयोग भारतानेच केला.

कलमाचा गाभा सोपा आहे. मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. संचालकांची एक समिती धोरण ठरवते; खर्चाची रक्कम ५० लाखांपेक्षा जास्त नसेल तर समितीची गरज नाही. कोणती कामे चालतील, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. भूक व दारिद्र्य निवारण, आरोग्य, शिक्षण, स्त्री-पुरुष समता, पर्यावरण, वारसा व कला, खेळ, ग्रामविकास, आपत्ती व्यवस्थापन अशी ती यादी आहे. नेहमीच्या धंद्याचा भाग असलेली कामे, राजकीय पक्षांना देणग्या, मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व आणि इतर कायद्यांनी बंधनकारक केलेली कामे यात धरता येत नाहीत.

सुरुवातीची काही वर्षे 'खर्च करा, नाहीतर कारण सांगा' अशी तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीत अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुचवली गेली. पण ती अमलात आली नाही. जानेवारी २०२१ पासून नवे नियम लागू झाले. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा आता वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरावा लागतो. इतर शिल्लक रक्कम अनुसूचीत सांगितलेल्या शासकीय निधीत भरावी लागते. तसे न केल्यास दंड होतो. म्हणजे जी गोष्ट उपदेशाच्या स्वरूपात आली, ती आता जवळजवळ करासारखी झाली आहे. फरक इतकाच की, पैसा कोठे वापरायचा हे कंपनी ठरवते.

याचे फळ आकड्यांत दिसते. २०१४-१५ मध्ये या कलमाखाली सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च झाले. २०२२-२३ मध्ये हा आकडा सुमारे ३० हजार कोटींवर पोहोचला. शिक्षण आणि आरोग्य या दोन क्षेत्रांकडे त्यातील मोठा वाटा जातो.

मात्र या मार्गाची मर्यादाही स्पष्ट आहे. कलम १३५ नफ्यातील दोन टक्क्यांचा हिशेब मागते. उरलेला नफा कसा मिळवला, कामगारांना काय मिळाले, नदीत काय सोडले, याविषयी ते काही विचारत नाही. ते काम इतर कायद्यांचे आहे. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांची सुरक्षितता अशा बाबींचा सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले आहे.

इतर आशियाई देशांचे मार्ग

इंडोनेशियाने २००७ च्या कंपनी कायद्यात ७४ वे कलम घातले. नैसर्गिक संपत्तीशी संबंधित व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांनी सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारी पार पाडलीच पाहिजे आणि तिचा खर्च कंपनीच्या खर्चात धरावा, असे ते सांगते. भारताप्रमाणे टक्केवारी त्यात नाही. खाणी, तेल आणि जंगल यांवर ज्या देशाची अर्थव्यवस्था उभी आहे, त्याने ही निवड करणे स्वाभाविक होते : जो जमिनीतून काढतो त्याने आधी उत्तर द्यावे. व्यापारी संघटनांनी या कलमाला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. २००९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले.

चीनच्या कंपनी कायद्यात २००६ पासून कंपनीने सामाजिक जबाबदारी उचलावी असे वाक्य आहे. पण वाक्य असणे आणि वागणूक बदलणे यांत अंतर असते. २००८ मध्ये तेथे दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. मलेशियाने खर्चाऐवजी माहितीवर भर दिला : शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी आपण या संदर्भात काय करतो, आणि काही करत नसल्यास तसे, वार्षिक अहवालात लिहावे. नेपाळने २०१६ च्या औद्योगिक कायद्यात मध्यम व मोठ्या उद्योगांना वार्षिक नफ्याचा किमान एक टक्का या कामी वापरण्यास सांगितले.

थोडक्यात, खर्चाची सक्ती, क्षेत्रानुसार बंधन आणि माहिती देण्याची सक्ती असे तीन मार्ग दिसतात. चौथा मार्ग बांगलादेशात एका भीषण दुर्घटनेतून निघाला.

राणा प्लाझा : कागद आणि भिंत

ढाक्याजवळील सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यात तयार कपड्यांचे पाच कारखाने, एक बँक आणि दुकाने होती. वरचे मजले परवानगीविना चढवलेले होते. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना तडे गेलेले दिसले. बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यावे लागले. २४ एप्रिलच्या सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ज्यांच्यासाठी तिथे कपडे शिवले जात होते, त्या युरोप-अमेरिकेतील अनेक कंपन्यांची स्वतःची आचारसंहिता होती आणि कारखान्यांच्या तपासण्याही झाल्या होत्या.

याच्या काही महिने आधी, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, कराचीतील एका कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले होते. त्या कारखान्याला चांगल्या कामगार-व्यवस्थेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आगीपूर्वी काही आठवडेच मिळाले होते. ऐच्छिक उत्तरदायित्वाची याहून कठोर परीक्षा असू शकत नाही. तपासणी करणाऱ्याला पैसे कोण देतो, अहवाल कोण वाचतो आणि दोष सापडला तर खर्च कोणी करायचा, हे प्रश्न सुटले नाहीत तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगले जाते आणि भिंत पडते.

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि कपड्यांच्या कंपन्या यांच्यात बांगलादेशातील आग व इमारत सुरक्षेचा करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या आणि सुमारे सोळाशे कारखान्यांची तपासणी झाली. या करारात तीन गोष्टी नव्या होत्या. तो कायद्याने बंधनकारक होता. कंपनीने शब्द मोडला तर लवादापुढे जाता येत होते, आणि तशी प्रकरणे गेलीही. तपासणीचे अहवाल सर्वांसाठी खुले ठेवले गेले. आणि निर्णय घेणाऱ्या मंडळात कामगारांच्या प्रतिनिधींना कंपन्यांच्या बरोबरीने स्थान होते. अग्निरोधक दरवाजे, बाहेर पडण्याचे जिने, खांबांची मजबुती असे बदल प्रत्यक्ष झाले. २०२३ पासून असाच करार पाकिस्तानातही लागू झाला.

येथे कोणी शाळा बांधली नाही की रुग्णवाहिका दिली नाही. तरीही उत्तरदायित्वाचे हे आशियातील एक ठळक उदाहरण मानावे लागते, कारण ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांना प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा अधिकार मिळाला.

देणगी आणि हक्क : गोवा, भोपाळ, पीथमपूर

हाच भेद आपल्या भागांतही दिसतो. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींनी अनेक कुटुंबांना रोजगार दिला, आणि शेतजमिनींत मातीचा गाळ, आटलेल्या विहिरी व रस्त्यांवरची लाल धूळही दिली. खाण कंपन्यांकडून गावांना टँकरने पाणी, शाळांना मदत, उत्सवांना वर्गणी मिळत असे. ही मदत खरी होती. परंतु विहीर आटल्यावर येणारा टँकर ही देणगी की भरपाई, हा प्रश्न बहुधा विचारला जात नव्हता.

२०१२ मध्ये खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात खनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. खनिज एकदा काढले की संपते. त्यावर पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे होते. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन देशभर जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणधारकाने स्वामित्वशुल्काच्या प्रमाणात त्यात पैसे भरायचे आणि ते खाणबाधित लोकांसाठी वापरायचे, अशी ही व्यवस्था आहे. हे पैसे कंपनीच्या दोन टक्क्यांहून वेगळे आहेत. ते मागताना विनंती-अर्जाची भाषा वापरण्याचे कारण नाही. खाणपट्ट्यातील शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी हा फरक जाणून घेणे अगत्याचे आहे. जिथे हक्काचा पैसा आहे तिथे देणगीचे आभार मानले गेले, तर दोन्हींचा हिशेब बुडतो.

इंदूरच्या वाचकांना दुसरे उदाहरण ठाऊक आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला आणि हजारो माणसे मेली. कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा तेथून हलायला जानेवारी २०२५ उजाडला. तो इंदूरजवळच्या पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तेथे लोक रस्त्यावर उतरले. पुढे त्याच वर्षी तो भट्टीत जाळण्यात आला. कारखान्याची मालकी बदलत गेली, खटले चालले, चाळीस वर्षे लोटली. उत्तर देणारा वेळीच निश्चित झाला नाही, तर जबाबदारी एका गावातून दुसऱ्या गावाच्या दारात जाते.

पैसा कोठे जातो आणि आपल्या संस्था

कलम १३५ मध्ये आपल्या कामकाजाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. याचा परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. जिथे कारखाने आणि मुख्यालये आहेत, तिथे पैसा अधिक जातो. सर्वाधिक खर्च नोंदवणारे राज्य महाराष्ट्र आहे. ईशान्येकडील राज्यांच्या वाट्याला फार थोडे येते. महाराष्ट्रातही मुंबई-पुण्याचा पट्टा आणि दूरचे जिल्हे यांत मोठी तफावत आहे. उद्योग नसलेल्या तालुक्याची गरज जास्त असली तरी तिथे 'आसपासची' कंपनीच नसते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी संस्थांची अडचण याहून वेगळी आहे. बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे उद्योग आहेत. पण भाषा हे कारण सातव्या अनुसूचीत स्वतंत्रपणे नोंदलेले नाही. तथापि दार बंद नाही. अनुसूचीच्या पाचव्या बाबीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन, ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंची डागडुजी, सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा समावेश आहे. दुसऱ्या बाबीत शिक्षण आहे. जुन्या ग्रंथालयातील दुर्मिळ ग्रंथांचे अंकीकरण, शंभर वर्षांच्या वास्तूचे छप्पर, मराठी माध्यमाच्या शाळेतील वाचनकक्ष, सर्व भाषकांना खुला असलेला वाचनालयाचा विभाग ही कामे त्यात मांडता येतात. 'मराठीसाठी मदत द्या' या मागणीपेक्षा 'या शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाचा हा संग्रह वाचवा' ही मागणी कायद्याच्या भाषेत अधिक नीट बसते.

त्यासाठी काही व्यावहारिक पूर्वतयारी लागते. संस्था नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी असावी. तिच्याकडे आयकर कायद्याखालील १२-अ आणि ८०-जी ही प्रमाणपत्रे असावीत. अशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा. आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून मंत्रालयाकडे नोंदणी केलेली असावी. लेखापरीक्षण वेळेवर झालेले असणे ओघानेच आले. प्रस्ताव लहान आणि मोजता येणारा असावा : किती ग्रंथ, किती वाचक, किती महिने, खर्चाची बाबवार फोड, आणि काम झाल्यावर देखभाल कोण करणार. कंपनीच्या संकेतस्थळावर तिचे धोरण, समिती आणि मंजूर प्रकल्प जाहीर करणे नियमाने आवश्यक आहे. अर्ज करण्यापूर्वी ते वाचले तर व्यर्थ पत्रव्यवहार टळतो. अनेक छोट्या संस्था गुणवत्तेत कमी पडतात म्हणून नव्हे, तर कागदपत्रांत आणि इंग्रजी प्रस्तावलेखनात अडतात म्हणून मागे राहतात. अकादमी, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि शिक्षक-संघटना यांनी एकत्र येऊन अशा संस्थांसाठी नमुना-प्रस्ताव आणि मराठीतील मार्गदर्शिका तयार केली, तर ते फार उपयोगी काम होईल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ज्या उद्योगामुळे परिसराचे नुकसान होते त्याच्याकडून मदत घेतलेल्या संस्थेला त्याविषयी बोलणे कठीण जाते. लेखक आणि शिक्षक यांच्या संस्थांना हा धोका विशेष आहे, कारण बोलणे हेच त्यांचे काम आहे. मदत घेण्यापूर्वी अटी लेखी असाव्यात, त्या सभासदांपुढे ठेवाव्यात आणि संस्थेच्या मतस्वातंत्र्याला बाधा येणारी अट स्वीकारू नये. एकाच देणगीदारावर संस्था अवलंबून राहू नये, हा जुन्या वर्गणीदारांचा शहाणपणा आजही उपयोगी आहे.

समारोप

आशियातील अनुभवाचे सार काढायचे तर असे म्हणता येईल : कायद्याच्या सक्तीने पैसा वाढतो, माहितीच्या सक्तीने तुलना करता येते, पण वागणूक बदलते ती बाधित माणसाला प्रश्न विचारण्याची जागा मिळाल्यावर. भारताने पहिली गोष्ट मोठ्या प्रमाणावर साधली आहे, दुसरी आता सुरू झाली आहे, तिसरी बरीच बाकी आहे.

या तिसऱ्या गोष्टीत भाषेचा वाटा मोठा आहे. कंपनीचा अहवाल इंग्रजीत, पर्यावरणविषयक जनसुनावणीची कागदपत्रे जड परिभाषेत आणि बाधित माणूस मराठी, कोकणी, कन्नड किंवा बंगाली बोलणारा, अशी स्थिती असेल तर प्रश्न विचारला जात नाही, आणि प्रश्न नसेल तर उत्तरही नसते. आपल्या परिसरातील एका कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन त्यातील सामाजिक खर्चाचे पान विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहून घ्यावे, त्यात नोंदलेले काम प्रत्यक्ष पाहून यावे आणि दोन्हींची तुलना वर्गात मांडावी. एवढा उपक्रम कोणत्याही महाविद्यालयाला करता येण्यासारखा आहे. त्याला निधी लागत नाही. त्यातून विद्यार्थ्यांचे भाषांतर सुधारेल, परिभाषेचा सराव होईल आणि उत्तरदायित्व या शब्दातील 'उत्तर' कोणाकडून व कसे मागायचे असते, हेही त्यांना समजेल.